जे उगवते, त्याला शहरात मान द्या

मुंबई-पुण्यात जुनी इमारत रंगवायची असो वा नवी चढवायची असो, समोर परांची उभी राहताना आपण नेहमी पाहतो. बांबूच्या लांब काठ्या उभ्या-आडव्या रचायच्या, दोरीने करकचून गाठी मारायच्या आणि त्या काठ्यांवर पाय ठेवून माणसांनी सहाव्या-सातव्या मजल्याच्या उंचीवर दिवसभर काम करायचे. वारा सुटतो, पावसाची सर येऊन जाते, परांची उभी असते. काम संपले की गाठी सोडल्या जातात, बांबू ट्रकवर चढतात आणि पुढच्या कामावर जातात. मागे उरते सिमेंट, पोलाद आणि काच. ज्या बांबूवर आपण माणसांचे जीव बिनदिक्कत सोपवतो, त्यालाच त्या इमारतीत कायमची जागा द्यावी असे कोणी सुचवले, की आपण म्हणतो, "बांबू? तो कसा टिकणार?"

या प्रश्नामागे केवळ तांत्रिक शंका असती, तर ती कधीच फिटली असती. त्यामागे आपल्या मनातली एक उतरंड आहे. सिमेंट म्हणजे प्रगती आणि माती-बांबू म्हणजे गरिबी, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलो. शहरांना कार्बनच्या ओझ्यातून मोकळे करण्याचा आपला विचार सौरपट्ट्या आणि विजेच्या बसगाड्यांपाशी येऊन थांबतो, त्याचे कारणही हेच आहे. पुढचे पाऊल टाकायचे, तर शेतात आणि रानात उगवणाऱ्या वस्तूंना आणि त्या वस्तूंचे ज्ञान असलेल्या हातांना बरोबरीचा मान द्यावा लागेल. तो मान द्यायची आपली तयारी नाही. या लेखाचा सगळा रोख त्या एका गोष्टीवर आहे.

आधी हिशेब पाहू. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत शहर 'नेट झिरो' करण्याचे ध्येय ठेवले. देशाचे ध्येय २०७० चे आहे. म्हणजे मुंबईने देशाच्या वीस वर्षे आधीचा वायदा केला आणि त्याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे. त्या आराखड्यात शहराच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा इमारतींतल्या वीज-इंधनाचा, त्यानंतर वाहतुकीचा आणि मग कचऱ्याचा धरला आहे. शहरांचे असे हिशेब साधारणपणे याच पद्धतीने मांडतात: हद्दीत जळलेले इंधन, शहराने वापरलेली वीज आणि शहराने टाकलेला कचरा. हद्दीबाहेर भाजले गेलेले सिमेंट आणि हद्दीबाहेर वितळलेले पोलाद यांचा धूर त्या मूळ हिशेबात येत नाही.

तो धूर जातो कुठे? आपल्या राज्यापुरते बोलायचे, तर बराचसा चंद्रपूर जिल्ह्यात. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस ही नावे मुंबईच्या घर घेणाऱ्याला ठाऊक नसतील, पण महाराष्ट्राच्या सिमेंटचा मोठा भाग त्या परिसरात भाजला जातो. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. त्यासाठी कोळसा जळतो, हे आपल्याला कळते. कळत नाही ते असे, की सिमेंटच्या कार्बनचा निम्म्याहून अधिक भाग कोळशातून येतच नाही. तो खुद्द दगडातून सुटतो. चुनखडीचा चुना होताना तिच्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. म्हणून उद्या भट्टी सूर्यावर चालवली, तरी हा भाग उरतोच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे आणि सिमेंट उत्पादनात चीनच्या खालोखाल आपला देश आहे. मुंबईची पाटी कोरी दिसावी म्हणून चंद्रपूरच्या माणसाने धूळ आणि धूर गिळावा, ही कार्बन-तटस्थता नाही. आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात लोटून आपले अंगण स्वच्छ ठेवण्याची ती जुनी सवय आहे.

आता याच्या उलटी क्रिया पाहा. झाड, गवत, बांबू वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतात आणि त्याचे लाकूड, काडी, तंतू करतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा साधारण अर्धा भाग कार्बनच असतो. म्हणजे एक टन वाळलेला बांबू जोवर तुळई, छत किंवा जमीन होऊन घरात उभा आहे, तोवर हवेतला सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड त्याने अडवून धरला आहे. सागाला वाढायला अर्धे आयुष्य लागते. बांबूची काठी तीन ते पाच वर्षांत बांधकामाला पक्व होते आणि नीट तोडली तर बेट मरत नाही, पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब येतात. दगड भाजून कार्बन सोडणारे शहर आणि उगवलेल्या वस्तूंत कार्बन साठवणारे शहर यांतला फरक इतका मूलभूत आहे.

हे ज्ञान आपल्याला परदेशातून आणायचे नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात कुडाच्या भिंती अजूनही दिसतात. पावसाळा संपला की कारवीच्या सरळ काठ्या तोडून वाळवतात. त्या एकीला एक लावून उभ्या करतात, बांबूच्या कामट्यांच्या आडव्या पट्ट्यांनी आवळतात आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताचे तूस कालवून लिंपतात. भिंत चार बोटे जाडीची, पण उन्हाळ्यात आत गारवा असतो. ती खराब झाली तर घरच्या घरी दुरुस्त होते आणि शेवटी पाडली तर राडारोडा उरत नाही, मातीत माती मिळते. ज्या बाईने ती भिंत लिंपली, तिला कोणी स्थापत्यतज्ज्ञ म्हटले नाही. पण तुसाने मातीला तडे जात नाहीत, हे तिला ठाऊक होते आणि आजचे प्रयोगशाळेतले लोक तंतुमिश्रित गिलाव्याबद्दल तेच सांगतात.

वेरूळची साक्ष तर दगडातली आहे. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने तपासले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे नोंदवले आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत आणि तिथल्या चित्रांचा मोठा भाग किडींनी खाल्ला. वेरूळचा गिलावा तगला. वनस्पतीचा तंतू आणि माती यांचे मिश्रण हजारावर वर्षे टिकल्याचा पुरावा आपल्या राज्यात उभा असताना, "जैविक साहित्य टिकत नाही" असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? सेवाग्रामची बापू कुटी १९३० च्या दशकात माती, बांबू आणि कौलांनी बांधली गेली. ती आजही उभी आहे, कारण दरवर्षी तिची निगा राखली जाते. याउलट ज्यांना आपण पक्की म्हणतो, त्या काँक्रीटच्या इमारती मुंबईत तीस वर्षांच्या झाल्या की पुनर्विकासाच्या बैठका सुरू होतात. कुठे खरोखर सळया गंजलेल्या असतात, कुठे फक्त वाढीव चटईक्षेत्राची ओढ असते. दोन्ही बाबतींत निष्कर्ष एकच: टिकाऊपणा साहित्याच्या नावात नसतो. तो बांधणीत आणि निगेत असतो.

मग हे साहित्य हलके का ठरले? उत्तर अप्रिय आहे, पण दिले पाहिजे. बांबू बुरुडाचा, माती कुंभाराची आणि वडाराची, शेण-सारवण बाईचे, कचरा सफाई कामगाराचा. आपल्या समाजाने काम आणि कामाची वस्तू दोन्ही जातीला बांधून टाकली आणि मग ज्याला हलके मानले त्याची वस्तूही हलकी ठरली. पुण्यात बुरुड आळी आहे, तशा आळ्या कितीतरी गावांत होत्या. तिथला कारागीर कोयत्याने काठी उभी चिरतो, पेराच्या गाठीपाशी हाताचा दाब बदलतो, सालीकडचा चिवट भाग आणि पोटाकडचा मऊ भाग वेगळा काढतो आणि एकसारख्या कामट्या पाडतो. सुपाला कोणती, टोपलीला कोणती, कणगीला कोणती, हे तो बोटांनी ओळखतो. हे साहित्यशास्त्र आहे. पण त्याच्या मुलाला अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकवणारा कोणी नाही आणि त्या महाविद्यालयात त्याच्या बापाला शिकवायला कोणी बोलावत नाही. मुलगा आळी सोडतो, आणि त्याने का सोडू नये? ज्या ज्ञानाला पैसाही नाही आणि मानही नाही, ते ज्ञान जपण्याची जबाबदारी एकट्या बुरुडावर टाकणे हा अन्याय आहे.

कायद्यानेही तेच केले. इंग्रजांच्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत झाली. परिणामी स्वतःच्या बांधावर वाढवलेला बांबू तोडून नेताना शेतकऱ्याला परवाने दाखवावे लागत, आणि जंगलातला बांबू मात्र कागद कारखान्यांकडे घाऊक जात असे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने या व्यवस्थेशी वर्षानुवर्षे झुंज दिली. देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते आणि सगळी ग्रामसभा एकमताने उभी राहिली, वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती आले. आपल्या रानातला बांबू आपण विकायचा, हा हक्क प्रत्यक्ष बजावणारे ते देशातले पहिले गाव. खासगी जमिनीवरच्या बांबूला 'झाडा'च्या व्याख्येतून बाहेर काढायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले. नव्वद वर्षे एका गवताला झाड म्हणून आपण शेतकऱ्याचे हात बांधून ठेवले. आज कायदा सुटला आहे, मनाची गाठ सुटायची आहे.

कारण प्रतिष्ठेच्या ठिकाणी हेच साहित्य आपल्याला चालते. बंगळुरूच्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन २०२२ मध्ये झाले. त्याचे भव्य छत आतून बांबूने मढवलेले आहे आणि प्रवासी मान वर करून ते बघतात. नव्या संसद भवनात त्रिपुराच्या बांबूची फरसबंदी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेले. वणी-वरोरा महामार्गावर पोलादाच्या जागी बांबूचा अपघातरोधक कठडा दोनशे मीटर लांबीचा बसवला गेला. विमानतळाला जे चालते, ते प्रभाग कार्यालयाला का चालू नये? संसदेला जे शोभते, ते महापालिकेच्या शाळेला का शोभू नये?

आक्षेप घेणाऱ्यांचे सगळे म्हणणे खोटे नाही. ते नीट ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप किडीचा. बांबूत पिष्ट असते आणि त्यावर भुंगा येतो, हे खरेच आहे. म्हणून जुने लोक हिवाळ्यात तोड करीत आणि काठ्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत. आज बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात प्रक्रिया करतात. शिवाय उंच जोते आणि रुंद पुढे आलेले छप्पर हवे, म्हणजे पाण्याचा मारा चुकतो. कच्चा बांबू तसाच वापरून चार वर्षांत पावडर झाली म्हणून बांबूला दोष देणे अन्यायाचे आहे. सिमेंटवर आपण पाणी मारतो, लोखंडाला रंग देतो, तशी बांबूलाही त्याची प्रक्रिया द्यायला हवी.

दुसरा आक्षेप आगीचा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे संशोधन आणि प्रशिक्षण देणारे केंद्र आहे. त्याच्याच इमारतीला आग लागून मोठे नुकसान झाले. ही गोष्ट लपवून बांबूचा प्रचार करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यातून धडा घ्यायचा तो असा, की अग्निरोधक लेप, मातीचा किंवा चुन्याचा गिलावा, नीट वीजजोडणी आणि पाण्याची सोय यांवर तडजोड करता कामा नये. उघड्या बांबूचा गगनचुंबी मनोरा बांधा, असे कोणीच म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण त्यामागे माणसे गेली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यानंतर लातूर-धाराशिव भागात दगडमातीच्या घराची धास्ती बसली आणि काँक्रीटबद्दल विश्वास वाटू लागला. ती धास्ती खोटी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तिथे मारले कशाने, हेही पाहू. नुसत्या मातीत रचलेल्या, एकमेकांत न गुंतवलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे अवजड माळवद. जिवावर उठले ते वजन आणि सांधणीचा अभाव. बांबू आणि लाकडाचे गुण नेमके याच्या विरुद्ध आहेत: वजनाला हलके, लवचीक, एकमेकांत बांधले जाणारे. भूकंपाचा धडा 'उगवते ते टाकून द्या' असा नाही. 'हलके बांधा आणि घट्ट सांधा' असा आहे.

नियमांची अडचणही सांगितली जाते. पण राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबू यांना स्वतंत्र विभाग आहे, बांबूच्या रचनेसाठी भारतीय मानकही आहे. कुडाळसारख्या ठिकाणी बांबूवर प्रक्रिया करून घरे आणि फर्निचर बनवणाऱ्या संस्था गेली कित्येक वर्षे काम करत आहेत. सिंधुदुर्गातला माणगा बांबू भरीव आणि सरळ, बांधकामाला उत्तम. म्हणजे नियम आहेत, माल आहे, हात आहेत. अडते ते अंदाजपत्रकात. सरकारी कामाचा अभियंता दरसूची उघडतो आणि जे त्यात ठळक आहे तेच लिहितो. ठेकेदार त्याला ठाऊक असलेलेच बांधतो. बँक कर्ज देताना 'आरसीसी' ही तीन अक्षरे शोधते. या तीन टेबलांवर मत बदलले, तर अर्धी लढाई जिंकली.

शहराची दुसरी जैविक संपत्ती आपण रोज सकाळी बादलीतून बाहेर ठेवतो. भाजीची देठे, शिळे अन्न, फळांच्या साली, फुलांचे निर्माल्य. मुंबईच्या देवनार कचराभूमीवर १९२७ पासून हे सगळे एकावर एक पडत आले. हवा न मिळाल्याने आत मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीसपट तापवणारा वायू आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि तो सर्वांत आधी शिरला तो लगतच्या गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्तीतल्या पोरांच्या छातीत. तोच मिथेन बंद टाकीत धरला, तर स्वयंपाकाचा गॅस होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून दिवे लावले जात होते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा 'निसर्गऋण' प्रकल्प विकसित केला. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरच्या स्वयंपाकाच्या उष्ट्या-खरकट्यावर चालणारा लहान गॅस संच तयार केला आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीतही दाखवली. म्हणजे ज्ञान मराठी माणसाच्या घरातलेच आहे.

ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले इंदूरने. होळकरांच्या या शहरात फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७,००० किलो जैव-सीएनजी देऊ शकणारा प्रकल्प सुरू झाला आणि शहराच्या बसगाड्या त्यावर धावू लागल्या. इंदूरला यंत्र कोणी वेगळे दिले नव्हते. तिथल्या घराघरांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करायची सवय लावून घेतली, कारण प्लास्टिक मिसळलेल्या कचऱ्यावर गॅसचा कुठलाही प्रकल्प चालत नाही. आपल्याकडे कचरा वेगळा करण्याचा नियम २०१६ पासून आहे, सूचना फलकांवर आहेत, तरी सुशिक्षित सोसायटीतून एकत्र पिशवी खाली जाते आणि ती हातांनी उपसायची वेळ कचरावेचक बाईवर येते. हवामान बदलावर आपण कितीही पोटतिडकीने बोलत असलो, तरी आपली खरी तळमळ त्या पिशवीत दिसते.

जे जे उगवते ते सगळे आपोआप पुण्यवान ठरते, असे मात्र मानू नका. मराठवाड्यात टँकर फिरत असताना इंधनासाठी ऊस वाढवणे हे पर्यावरण नाही. जंगल तोडून एकाच जातीची लागवड करणे आणि तिला हिरवी म्हणणे हेही नाही. बांबूत कार्बन साठतो तो बांबू उभा असेपर्यंतच. त्याच्या गोळ्या करून औष्णिक वीजकेंद्रात जाळल्या, की तो क्षणात हवेत परततो. म्हणून वापराचा एक क्रम पाळला पाहिजे. जे दीर्घकाळ टिकेल ते आधी: तुळई, छत, दार, फर्निचर. मग उरलेल्या तुकड्यांचे आणि उसाच्या बगॅसचे पार्टिकल बोर्ड. मग ओल्या कचऱ्याचा गॅस आणि खत. जाळणे सर्वांत शेवटी. आज आपण बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लावतो. पाचट शेतात पेटवतो, काडी बांधावर पेटवतो आणि मग घरासाठी दगड भाजतो.

आणखी एक धोका याहून मोठा आहे. या विचाराचे ओझे गरिबांच्या खांद्यावर टाकण्याचा. झोपडीत उभे आयुष्य काढलेल्या बाईला घरकुल योजनेतून पहिल्यांदा चार भिंती आणि स्लॅब मिळत असताना, "सिमेंट पृथ्वीला घातक आहे, तुम्ही मातीचेच घर ठेवा" असे तिला सांगायला जाणे हा निर्लज्जपणा आहे. गळके छप्पर आणि सापाविंचवाची भीती तिने भोगली आहे, आपण नाही. तिच्या मनात स्लॅबचे आकर्षण पेरले ते आपल्या बंगल्यांनी आणि टॉवरांनी. मुलगी देताना घर स्लॅबचे आहे का, असे विचारणारी पद्धत वरून खाली आली. म्हणून बदलही वरूनच सुरू व्हायला हवा. ज्यांच्याकडे निवड करायची ताकद आहे, त्यांनी आधी निवडावे. महापालिकेने आपले कार्यालय आधी बांधावे, आमदाराने आपला बंगला, बिल्डरने आपले विक्री दालन, डॉक्टर-वकिलाने आपले गावाकडचे घर. तिथे बांबूचे छत आणि मातीची भिंत मानाची झाली, की गरिबाला उपदेश करायची गरज उरणार नाही.

तेव्हा काय करायचे, ते नेमके सांगतो.

महापालिकांनी दरवर्षी काही शाळा, अंगणवाड्या, बसथांबे आणि मंड्या प्रक्रिया केलेल्या बांबूत आणि मातीच्या विटांत बांधाव्यात. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या अंगणवाडीतल्या मुलांना त्याचा लाभ आधी मिळेल. निविदेत किमतीबरोबर साहित्याच्या कार्बनचाही आकडा मागावा. उंच इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा राहील, हे मान्य. पण त्याच्या आतल्या आडभिंती, छतपट्ट्या, दारे, जमीन यांना खणलेल्या वस्तूच हव्यात असे नाही. अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांनी बुरुड, सुतार, गवंडी यांना पाहुणे म्हणून बोलावून टाळ्या वाजवू नयेत. त्यांना मानधन देऊन शिकवायला नेमावे आणि त्यांच्या मुलांसाठी त्याच अभ्यासक्रमाची दारे उघडावीत. बांबूच्या व्यवहारात शेतकऱ्याला आणि ग्रामसभेला रास्त भाव आधी ठरवून मिळाला पाहिजे. नाहीतर चंद्रपूर-गडचिरोलीतून पूर्वी कोळसा आणि चुनखडी स्वस्तात गेली, तसा उद्या बांबूही जाईल आणि त्या माणसाच्या पदरी पुन्हा धुळीखेरीज काही पडणार नाही.

सोसायट्यांनी इमारत पाडण्याचा ठराव करण्याआधी ती दुरुस्त होते का, हे प्रामाणिकपणे तपासावे. उभ्या इमारतीतला कार्बन सोडला जाऊन चुकला आहे, ती पाडून पुन्हा बांधणे म्हणजे तेच पाप दुसऱ्यांदा करणे. आणि तुम्ही-आम्ही? घरात नवे दार, पलंग किंवा पडदी करायची वेळ येईल, तेव्हा दुकानात जाऊन पहिल्यांदा बांबूचे किंवा बगॅस बोर्डचे आहे का, ते विचारा. गणपतीचे मखर बांबूच्या कामट्यांचे आणि कागदाचे करा, आणि त्या कामट्या बुरुडाकडून घेताना घासाघीस करू नका. उद्यापासून ओल्या कचऱ्याची बादली वेगळी ठेवा. शहराचा कार्बन कमी करण्यासाठी कोणी मोठ्या माणसाने काही करण्याची वाट पाहू नका. आपल्या घरात, आपल्या सोसायटीत, आपल्या प्रभागात उगवणाऱ्या वस्तूला आणि ती घडवणाऱ्या हाताला या वर्षी एक मानाची जागा द्या, आणि ती दिलीत की शेजाऱ्यालाही सांगा.